छोटी मोटार आणि तिचा गंज



वसंतातील व्याख्यानांस संतवाङ्मय, राज्यघटना, अर्थकारण असे भारदस्त विषय शोभून दिसतात. त्या पंक्तीत वीतभर लांबीच्या, गंजलेल्या दिसणाऱ्या मोटारीने येऊन बसावे, हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. मोटारीची हुबेहूब लहान प्रतिकृती करावयाची, तिला नवा रंग द्यावयाचा आणि मग तो रंग उडवून तीवर गंज चढवावयाचा, असा एक छंद जगात रूढ आहे. चांगली वस्तू मुद्दाम खराब करण्यात कसली आली आहे कला, असा प्रश्न मनात यावा हे साहजिक आहे. आमच्याही मनात प्रथम तोच आला.

परंतु गेली तीसएक वर्षे पिंपरी, आकुर्डी, भोसरी आणि चाकण येथील कारखान्यांच्या दारांशी सभा घेत हिंडल्यावर आमचे मत असे बनले आहे की, या छंदात आमच्या पट्ट्याचा एक इतिहास दडलेला आहे आणि तो लिहून ठेवण्याचे दुसरे साधन आमच्या हाती फारसे नाही. आमचे शिक्षण बहुतेक वाचनालयातच झाले. त्यामुळे विद्वानांचा अधिकार आम्ही सांगत नाही. जे पाहिले आणि जे वाचून पडताळले, तेवढेच मांडतो.

चकचकीत प्रतिकृतींचा कुलवृत्तान्त

लहान प्रतिकृती करणे ही महाराष्ट्राला परकी गोष्ट नव्हे. दिवाळी आली की आपली मुले अंगणात मातीचा किल्ला बांधतात, त्यावर हळीव पेरतात, पायथ्याशी मावळे उभे करतात. त्या किल्ल्याची माती ओलीसुकी असते, कड्याला भेगा पडतात, आणि त्या भेगांमुळेच तो खरा दिसतो. गुळगुळीत किल्ला कोणत्याही मुलाला आवडत नाही.

मोटारीच्या प्रतिकृतीचा जन्म मात्र वेगळ्या घरात झाला. अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीने १९२७ साली हार्ली अर्ल यांच्या हाताखाली मोटारीचे रूप ठरविणारे स्वतंत्र खाते काढले. तेथे मोटार आधी मातीत घडू लागली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९२८ साली, याच कंपनीने मुंबईस शिवडी येथे गाड्यांची जुळणी सुरू केली. १९३० साली त्याच कंपनीच्या फिशर बॉडी या विभागाने मुलांसाठी एक स्पर्धा काढली. आधी नेपोलियनच्या काळातील बग्गीची आणि पुढे स्वतः कल्पिलेल्या मोटारीची लहान प्रतिकृती मुलांनी घडवावी आणि उत्तम ठरलेल्यांस शिष्यवृत्ती मिळावी, अशी ती योजना होती. ती १९६८ पर्यंत चालली. उद्देश उघड होता. उद्याचे कारागीर व उद्याचे गिऱ्हाईक, दोन्ही त्यातून तयार व्हावयाचे होते.

इंग्लंडातही हेच दिसते. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या कारखान्याने १९३३ साली खेळण्यातील आगगाडीच्या सोबतीस म्हणून लहान मोटारी काढल्या. त्याच पुढे ‘डिंकी’ या नावाने जगभर गेल्या. मोटारींच्या प्रतिकृतींस १:४३ हे विचित्र प्रमाण का, याचे उत्तर यातच आहे. त्या आगगाडीत एका फुटाला सात मिलिमीटर असा हिशेब होता. फुटात ३०४.८ मिलिमीटर असतात. त्यास सातांनी भागा म्हणजे त्रेचाळीस आणि वर थोडे येतात. एअरफिक्स ही प्लॅस्टिकच्या जुळणीसंचांकरिता प्रसिद्ध असलेली कंपनी घ्या. तिची या धंद्यातील पहिली प्रतिकृती १९४९ सालची फर्ग्युसन ट्रॅक्टरची होती आणि ती ट्रॅक्टर विकणाऱ्यांच्या उपयोगासाठी केलेली होती.

एवंच, मोटारीची प्रतिकृती जन्मली ती विक्रेत्याच्या टेबलावर आणि मुलांच्या खेळण्यात. दोन्ही ठिकाणी ती चकचकीतच असावयास हवी होती. कारखान्याच्या दारातून गाडी बाहेर पडते त्या क्षणाचे ते चित्र आहे. त्याआधी ती कोणी घडविली आणि त्यानंतर ती कोणी ओढली, याविषयी ते एक अक्षर बोलत नाही.

जुने साचे, नवे देश

हिंदुस्थानात हे खेळणे आले तेही एका विशिष्ट रीतीने. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे जुने साचे कलकत्त्यास आले आणि त्यांतून ‘निकी टॉईज’ या नावाने लहान मोटारी निघू लागल्या. साचा झिजला की कडा बोथट होतात आणि सांध्यातून धातूची जादा पाती बाहेर येते, हे टूलरूममध्ये काम केलेल्या कोणासही ठाऊक आहे. त्या मोटारी तशाच ओबडधोबड होत्या.

याला हसू नये, कारण खऱ्या मोटारीचीही कथा तीच आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्यास फियाट ११०० बनविली. इटलीत या गाडीची ‘डी’ आवृत्ती १९६६ साली थांबली. येथे तीच ‘पद्मिनी’ या नावाने शतकाच्या अखेरपर्यंत चालू राहिली. १९९८ साली टेल्कोने इंडिका लोकांपुढे आणली. ती आमची गाडी खरी, परंतु तिच्यासाठी ऑस्ट्रेलियातील निसानच्या बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रसामग्री उचलून पुण्यास आणली होती. परदेशी जुने झालेले साचे व यंत्रे घेऊन त्यांतून माल काढणे, झिजलेला साचा घासून पुन्हा कामास लावणे, यात आमच्या कामगारांचे कसब घडले. ही लाज वाटण्याची गोष्ट नव्हे; पण ती चकचकीत प्रतिकृतीत कोठेच दिसत नाही.

गंज प्रथम कोणी रंगविला?

प्रतिकृती मुद्दाम जुनी दाखविण्याची कला मोटारीत प्रथम आली नाही. ती आगगाडीकडून आली, आणि ते योग्यच आहे. आगगाडी कोळशाच्या धुरात आणि वाफेत राबणारी. ती स्वच्छ दाखविली तर मूलही फसणार नाही. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे जॉन अ‍ॅलन या छायाचित्रकाराने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात आपल्या घरात एक छोटी रेल्वे उभारली. तीत त्याने डब्यांवर धूळ, काजळी, गंजाचे ओघळ आणि उडालेला रंग दाखविला आणि त्याची छायाचित्रे मासिकांतून प्रसिद्ध केली. या कलेच्या आरंभीच्या थोर कारागिरांत त्याची गणना होते. जानेवारी १९७३ मध्ये तो वारला आणि पुढे अवघ्या दहा दिवसांत लागलेल्या आगीत त्याची ती सारी रेल्वे भस्मसात झाली. उरली ती छायाचित्रे. पुढे बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांच्यासारख्यांनी युद्धातील रणगाडे व वाहने याच रीतीने रंगविली, आणि तेथून ही विद्या नागरी मोटारींकडे वळली.

पुणेकरांस याचे उदाहरण दूर शोधावयास नको. कोथरूडला भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जमविलेल्या व घडविलेल्या छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय १९९८ सालापासून लोकांसाठी खुले आहे. एका माणसाचा छंद शहराची ठेव कशी होते, याचा तो धडा आहे. तसे मोटारीचे एखादे दालन मोटारीच्या या गावात असते, तर आज आम्हांस हे व्याख्यान द्यावे लागले नसते.

गंज म्हणजे काय आणि त्याच्याशी झालेली लढाई

गंजाचे शास्त्र थोडक्यात सांगतो. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू ही तिन्ही एकत्र आली की गंज धरतो. पाण्यात मीठ असेल तर त्याचा वेग वाढतो. म्हणून मुंबईची टॅक्सी देशावरील गाडीपेक्षा लवकर खाल्ली जाते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. तो रंगाच्या खाली शिरला की रंग फुगतो, फुटतो, आणि पाण्याला आणखी वाट होते. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून जेथे ठिपक्याठिपक्यांनी वेल्डिंग केलेले असते, तेथे पाणी शिरते पण वाळत नाही. दाराच्या तळाशी पाणी जाण्यासाठी भोके ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली की दार आतून कुजते. बाहेर डाग दिसतो तेव्हा आत पत्रा उरलेला नसतो.

या शत्रूशी कारखान्यांनी शतकभर लढाई केली आहे. १९०६ साली इंग्लंडात कॉस्लेट यांनी पोलादाला फॉस्फेटचा थर देण्याची रीत नोंदविली. १९६० च्या दशकात अमेरिकेत फोर्ड कंपनीने गाडीचा संपूर्ण सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साह्याने आतील सांदीकोपऱ्यांपर्यंत रंग पोचविण्याची पद्धत आणली. त्यापूर्वी रंग फवाऱ्याने मारला जाई, आणि फवारा जेथे पोचत नसे तेथे गंजाचे घर होई. आमच्या पट्ट्यात या दोन्ही काळांतील रंगखाती लोकांनी पाहिली आहेत. थिनरच्या वाफेत, तोंडाला फडके बांधून, ज्यांनी गाडीमागून गाडी रंगविली, त्यांची ती लढाई होती.

यात एक मौज आहे. लोखंडाला गंजापासून वाचविण्यासाठी सुताराच्या खिडकीपासून ट्रकच्या चेसीपर्यंत आपण जो ‘रेड ऑक्साईड’ फासतो, तो लोहाचाच ऑक्साईड. गणपतीच्या मखराला आणि तुळशीवृंदावनाला लावावयाची गेरू, तीही तांबडी होते ती लोहाच्या ऑक्साईडामुळेच. म्हणजे गंज ज्या कुळातला, त्याच कुळातली द्रव्ये लोखंडाचे रक्षण करतात, घर सजवितात आणि छोट्या मोटारीवर गंजाचे चित्रही काढतात.

मॅटेडोर घडविताना

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. उदाहरण आमच्याच गावचे घेऊ. बजाज टेम्पो ही कंपनी १९५८ साली नवलमल फिरोदिया यांनी जर्मन सहकार्याने काढली. तिची तीनचाकी इतकी चालली की ‘टेम्पो’ हे एका कंपनीचे नाव न राहता मराठीत मालवाहू गाडीचे सामान्यनाम झाले. १९६९ साली याच कंपनीची ‘मॅटेडोर’ आली. आकुर्डीच्या या गाडीने भाजी, दूध, वऱ्हाड, शाळेची मुले आणि पाळीचे कामगार या सर्वांस वाहिले. २००५ साली कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. मॅटेडोर रस्त्यावरून हळूहळू नाहीशी झाली.

परदेशी गाड्यांचे तयार संच मिळतात. आपल्या गाडीसाठी सनबोर्ड, प्लॅस्टिकचा पातळ पत्रा आणि कात्री यांवरच बहुधा भिस्त ठेवावी लागते. १:२४ हे प्रमाण धरले तर चार मीटरांची गाडी सुमारे १६.७ सेंटिमीटरांत बसते. पण पत्र्याची जाडी पाहा. गाडीचा पत्रा ०.८ मिलिमीटरचा असेल, तर प्रतिकृतीत तो ०.०३३ मिलिमीटर हवा. आपल्या वहीचा कागद याच्या जवळजवळ तिप्पट जाड असतो. म्हणून कुजलेल्या मडगार्डची कड दाखवावयाची असेल तेथे प्लॅस्टिक मागून खरवडून कागदाहून पातळ करावे लागते, किंवा तेवढा भाग अ‍ॅल्युमिनियमच्या वर्खासारख्या पत्र्याचा करावा लागतो.

यावरून दुसरा धडा निघतो. कित्येकांना वाटते की, खरा लोखंडाचा कीस डिंकात कालवून लावावा, त्यावर मीठ-व्हिनेगर शिंपडावे, म्हणजे अस्सल गंज येईल. येतो, पण तो खोटा दिसतो. कारण गाडी चोवीस पटींनी लहान झाली आहे आणि गंजाचा कण मात्र मूळच्याच आकाराचा राहिला आहे. त्यामुळे लहान गाडीवर तो खडीसारखा भासतो. खरी वस्तू जशीच्या तशी उचलून आणली की सत्य येत नाही. तिचे प्रमाण साधावे लागते. इतिहास लिहिणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

म्हणून कारागीर रंग वापरतो. प्रथम सर्व अंगाला तांबूस-तपकिरी थर द्यावयाचा. त्यावर स्पंजाच्या तुकड्याने गडद आणि फिकट ठिपके टेकवावयाचे. जुना गंज काळपट-तपकिरी, नवा गंज नारिंगी, हा भेद सांभाळावयाचा. मग काहीजण पृष्ठभाग ओला करून मिठाचे बारीक खडे टाकतात, काहीजण केसांना मारावयाचा स्प्रे फवारतात. त्यावर गाडीचा मूळ रंग द्यावयाचा. तो वाळला की मीठ झाडून टाकावे, किंवा ओल्या कुंचल्याने हलके घासावे. वरचा रंग तेवढ्यापुरता सुटतो आणि खालचा गंज उघडा पडतो. शेवटी तैलरंग टर्पेंटाईनमध्ये अगदी पातळ करून ओघळ काढावयाचे आणि चाकांपाशी गेरूची व मातीची वस्त्रगाळ पूड बसवावयाची.

येथवर केवळ हातचलाखी झाली. खरा प्रश्न असा की, गंज कोठे दाखवावयाचा? मॅटेडोरमध्ये पुढच्या चाकांना गती मिळे. मागील चाकांकडे दांडा न्यावा लागत नसल्याने मागचा तळ सखल ठेवता येई. माल चढविण्यास ते सोयीचे, पण सखल तळाला चिखलाचे पाणी अधिक लागावयाचे. दुधाच्या गाडीत सांडलेले दूध आणि रोज धुण्याचे पाणी सांध्यांत मुरावयाचे. चाकणच्या बाजारातून कांदा वाहणाऱ्या गाडीचे काठ पोती ओढून ओढून घासले जावयाचे. तेथे रंग जातो, पण रोजच्या घासण्याने पत्रा चकाकतो, गंज टिकत नाही. चालकाच्या दाराची कड कोपराने गुळगुळीत होते, शेजारच्या दाराची होत नाही. मग येते गॅरेजची पाळी. पत्रा ठोकून बसविलेले ठिगळ, गॅसचा टाका, त्यावर भरलेली लांबी आणि मूळ रंगाशी न जुळणारा रंग. लांबीच्या कडेने वर्षभरात पुन्हा गंजाची रेघ उमटते.

तात्पर्य, गंज कोठेही येत नाही. प्रत्येक डागाच्या मागे प्रेसशॉप, वेल्डिंगची लाईन, रंगखाते, रस्ता, माल आणि मिस्त्री यांपैकी कोणीतरी उभा असतो. गाडी कशी बनते आणि कशी राबते हे ज्याला ठाऊक नाही, त्याला तिचा गंज रंगविता यावयाचा नाही.

एक रास्त आक्षेप

आमच्या चळवळीतील मंडळी यावर एक आक्षेप घेतात आणि तो रास्त आहे. ती म्हणतात, “ज्याने रंगखात्यात जन्म घालविला, त्याने गंज दूर ठेवला. ज्याच्या टेम्पोचा तळ कुजला, त्याचा धंदा बसला. कोणाची चेसी खाल्ली जाऊन जीवही गेला असेल. आणि तुम्ही दिवाणखान्यात बसून त्या गंजाची शोभा करता? ही दारिद्र्याची सजावट झाली.”

अशा प्रतिकृती आम्ही पाहिल्या आहेत. सुंदर दिसावा म्हणून गाडीभर सारखा गंज माखलेला असतो. टपावर, दिव्यावर, जेथे पाणी थांबतच नाही तेथेही. त्या गाडीला मालक नाही, चालक नाही, गाव नाही. ती केवळ नजरेला गोड लागणारी पडझड आहे, आणि चकचकीत प्रतिकृतीइतकीच ती खोटी आहे. एक म्हणते, कोणी वापरलेच नाही. दुसरी म्हणते, कोणी सांभाळलेच नाही. राबणाऱ्या माणसाच्या गाडीत या दोन्ही गोष्टी असत्य असतात. तो गाडी वापरतो, आणि जमेल तितकी सांभाळतोही. म्हणून ज्या प्रतिकृतीत गंजाबरोबर ठिगळही आहे, तीच आम्ही खरी मानतो. ठिगळ हा माणसाच्या हाताचा पुरावा आहे.

आता घाई का?

हा सारा प्रपंच आज मांडण्यास कारण आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९६६ साली टेल्कोचा पुण्याचा कारखाना सुरू झाला, १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. चाकणला मोठे मोटार कारखाने मुख्यतः २००९ नंतर उभे राहिले. एका माणसाच्या आयुष्यात शेते जाऊन कारखाने आले, आणि आता काही ठिकाणी कारखान्यांच्या जागी उंच इमारती आल्या आहेत. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली सुरू झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यातून शेवटची गाडी निघाली. बारा वर्षांत एका कारखान्याचा इतिहास संपला. कामगारांचा वाद न्यायालयापर्यंत गेला. आणि जागा दुसऱ्या कंपनीकडे गेली.

गाड्याही उरत नाहीत. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती जात रस्त्यावरून गेली. जुनी वाहने मोडीत काढण्याचे केंद्र सरकारचे धोरण २०२१ साली आले. धूर आणि अपघात यांचा विचार करता त्यास आमचा विरोध नाही. कुदळवाडी-चिखली भागात भंगाराची शेकडो दुकाने होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने त्या भागातील बांधकामे मोठ्या प्रमाणावर पाडली. त्याच्या योग्यायोग्यतेचा वाद येथे नको. परंतु कुजलेली गाडी जेथे उघडी पाहावयास मिळे, ती जागाही गेली.

कंपन्यांपाशी जाहिराती आहेत, अहवाल आहेत, पहिल्या गाडीला हार घातल्याची छायाचित्रे आहेत. शेवटच्या गाडीचे काय झाले, तिचा कोणता सांधा आधी सुटला, हे कोणत्याही अहवालात नाही. ते प्रेसवर, वेल्डिंगवर व रंगावर काम केलेल्या आणि आता साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या डोक्यात आहे.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. चिंचवडला महानगरपालिकेचे विज्ञान केंद्र आहे. तेथे एक लांब कपाट ठेवावे. या पट्ट्यात बनलेल्या प्रत्येक गाडीच्या, तीनचाकीच्या आणि स्कूटरच्या दोन प्रतिकृती त्यात शेजारीशेजारी असाव्यात. एक दारातून बाहेर पडली तशी. दुसरी वीस वर्षे राबल्यावर होती तशी, गंज आणि ठिगळ यांसह. आणि खाली एक कागद असावा. त्यावर ती गाडी घडविणाऱ्या कामगाराने आपल्या शब्दांत सांगावे की, ती प्रथम कोठे गंजते, का गंजते आणि त्यावर त्याने काय उपाय केला. आय.टी.आय.मधील मुलांनी प्रतिकृती कराव्यात आणि निवृत्त कामगारांनी त्या तपासाव्यात. यास खर्च फार नाही. सनबोर्ड, रंग, गेरू आणि थोडा वेळ, एवढेच लागेल.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी असा निवृत्त कामगार आहे, त्यांनी घरी गेल्यावर त्याला इतकेच विचारावे की, तुमची गाडी आधी कोठे कुजत असे? त्याचे उत्तर कागदावर उतरवून घ्यावे, त्याखाली तारीख घालावी आणि तो कागद जपून ठेवावा. कपाट व्हावयाचे तेव्हा होईल; कागद आजच मिळतो.